काळ्या ओट्याची पांढरी कड

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक ओटा आहे. छत्रपती संभाजीनगरात मला बसवून जेमतेम वर्ष झाले, पण दगड म्हणून मी फार म्हातारा आहे. सगळे मला ग्रॅनाइट म्हणतात. खरे तर मी गॅब्रो, निराळ्या जातीचा दगड. पण दुकानातला प्रत्येक काळा दगड ग्रॅनाइटच, तिथे माझे कोण ऐकतो!

कोट्यवधी वर्षांपूर्वी मी दूर दक्षिणेत, जमिनीखाली खोलवर, तप्त शिलारस होतो. या शहराखालचा बेसॉल्ट माझा चुलतभाऊच. तो लाव्हा होऊन वर आला आणि लवकर थंड झाला. आम्हाला मात्र वाटच मिळाली नाही. मैलोन्‌मैल पसरलेल्या एका कोठीत आम्ही अगदी सावकाश निवत गेलो. काळे, जड स्फटिक आधी तळाशी बसले, त्यांच्यावर पांढुरके साचले. असे थरांवर थर चढले.

माझ्या अंगावरचा पांढरा पट्टा म्हणजे असाच एक थर. खाणीतून कापून, घासून, चकचकीत करून मला इथल्या दुकानात आणले, तेव्हा याच पट्ट्याने घात केला. गिऱ्हाईक येई, 'डाग आहे' म्हणे आणि पुढे जाई. मला फार वाईट वाटे. शेवटी दुकानदार राजकुमार यांनी माझे तुकडे करून उंबरे बनवायचे ठरवले.

तेवढ्यात अजराबी आणि त्यांची मुलगी सदफ दुकानात आल्या. अजराबींची नजर अधू झाली होती. घरच्या काळ्या ओट्याची कड दिसेना, भांडी खाली पडत, एकदा तर पाय भाजला. तेव्हापासून सदफ त्यांना गॅसजवळ येऊ देत नव्हती. अजराबी मनातून खचल्या होत्या.

माझ्यासमोर येताच त्या थांबल्या. वाकून त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवले.

"हे मला दिसायलंय!"

"तो डाग हाय, अम्मा. ह्यो नका घेऊ," राजकुमार म्हणाले.

"डाग नाय. लई चांगला हाय. हाच द्या."

सदफने आईच्या बोटाकडे पाहिले. मग म्हणाली, "भाऊ, पट्टा पुढच्या कडेला येईल असा कापा."

मला बसवले त्या सकाळी अजराबींनी पातेले माझ्यावर ठेवले, पट्ट्याच्या बरोबर आत. सदफ हात पुढे करून उभी होती. घरातले बोलणे दखनीत चाले.

"तू बैठ, बेटा. चाय मैं बनातूं."

सदफ बसली. त्या दिवशी मला माझ्या पट्ट्याचा प्रथमच अभिमान वाटला.

पण परवा पाहुणे आले आणि त्यांनी माझ्या कडेवर ओळीने डबे मांडले; पट्टा झाकला गेला. अजराबी आल्या, चाचपडल्या आणि चहा न करताच मागे फिरल्या. मित्रांनो, कमी दिसणाऱ्या माणसाच्या घरी गेलात, तर हातातले सामान कुठे ठेवायचे ते आधी त्यालाच विचारा.