दार कुणी उघडायचे?

"दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली ना, की त्यांच्यामध्ये निरोप्या होऊन फिरू नकोस गं. एका ओल्या चादरीची दोन टोकं दोघांच्या हातात दे आणि म्हण, पिळा!"

सासूबाईंचे हे सांगणे समन्वय अधिकारी बाईंना ऐन कचेरीत आठवले. समोर शिंपीणबाई डोळे पुसत बसल्या होत्या.

"सरकारी सोडतीत घर माझ्या नावावर निघालंय, पण किल्ली मिळेना. आणि खोलीचा मालक म्हणतो, आज संध्याकाळी सामान बाहेर! दोन लेकी नि ते शिलाई मशीन घेऊन जाऊ कुठे?"

घर तयार होते. अडले होते दोन खात्यांत. गृहनिर्माणचे निरीक्षक, म्हणजे कचेरीचे किल्लीसाहेब, सकाळी घरात जाऊन नळ सोडून पाहत. पाणी नाही, की शेरा : 'राहण्यायोग्य नाही.' पाणीखात्याचे नळसाहेब दुपारी जाऊन दार वाजवत. कुणी उघडले नाही, की शेरा : 'वस्ती नाही, पाणी देऊ नये.' दोघेही कामाला चोख. वर्षभर रिकाम्या घराचे दार इमानेइतबारे वाजत होते आणि कोरडा नळ इमानेइतबारे सुटत होता. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, पण बोलणे टपालाने.

बाईंनी दोघांना बोलावले. "आज एकच गाडी आहे. बरोबरच जाऊ या."

"ह्यांच्याबरोबर? मग मी पुढे बसणार," नळसाहेब म्हणाले.

"पुढे मी बसते," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही दोघं मागे."

गाडी सुरू होता होईना. "तुमच्या पाण्यासारखीच आहे," किल्लीसाहेब पुटपुटले. "येईल तेव्हा येईल."

"आणि तुमच्या घरांसारखी. आत शिरलं तरी बसता येत नाही."

घरापाशी पोचताच किल्लीसाहेब सवयीने आत गेले, दार लावून घेतले नि नळाशी उभे राहिले. नळसाहेबांनी सवयीने दार वाजवले.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

नळसाहेब दचकून दोन पायऱ्या खाली उतरले. वर्षभरात या दाराने कधी उत्तर दिले नव्हते. किल्लीसाहेबांनी दार उघडले.

"अहो, मी!"

"दिसतंय की!"

नळसाहेब कागदाकडे बघत राहिले. "इथं एवढंच विचारलंय, आतून कुणी दार उघडलं का? उघडलं. कुणी उघडलं, ते कुठं विचारलंय? नियम म्हणजे नियम."

त्यांनी शेरा मारला आणि रस्त्याकडेची झडप फिरवली. आत नळ खोकला, गुरगुरला आणि पुन्हा नळाशी जाऊन उभ्या राहिलेल्या किल्लीसाहेबांना नखशिखांत भिजवून गेला.

"आलं! आलं हो!" किल्लीसाहेब ओरडले आणि ओल्या हातांनीच लिहिले : 'राहण्यायोग्य.' किल्ली बाईंच्या हाती आली.

तेवढ्यात नळसाहेबांचा चेहरा उतरला. "बाई, मी 'वस्ती आहे' लिहून बसलो. रात्री घर रिकामं राहिलं तर? जन्मात खोटा शेरा मारलेला नाही मी."

"दिवेलागणीच्या आत माणसं इथं असतील. माझा शब्द आहे."

गाडी दोघांना घेऊन परत निघाली. झडप फिरवण्याआधी हाक द्यायला हवी होती की नाही, यावर मागच्या बाकावर कडाक्याचे भांडण जुंपले होते, आणि टपालाची गरज कुणालाच पडली नव्हती.

बाई मागे राहिल्या. कोपऱ्यावर एक रिकामी हातगाडी दिसली.

"दादा, शिलाई मशीन आणायचंय. जरा जपून न्याल ना?"

आणि बाई हातगाडीच्या पुढे होऊन शिंपीणबाईंच्या खोलीकडे चालू लागल्या.