कलून बसणाऱ्या बायका

दवाखान्यातून सुट्टी होताना डॉक्टर कहकशा मॅडमनी प्रतिक्षाला बजावलं होतं, "लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पोट घट्ट होईल. पाणी भरपूर प्या. कुंथत बसू नका. तकलीफ झाली तर लाजायचं नाही, यायचं." प्रतिक्षानं मान हलवली. एमएस्सी झालेल्या बाईला पाणी प्यायचं काय शिकवायचं, असं तिला वाटलं. शिवाय तिचं सगळं लक्ष लेकराचा श्वास चालू आहे की नाही, याकडं होतं.

साखऱ्याला घरी आली आणि तिचं पाणी बंद झालं. माहेरी आई राहिली नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच होतं, आणि सासूबाईंनी, नर्मदाबाईंनी, त्यात काही कमी पडू दिलं नव्हतं. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी तूप लावलेली भाकर. पालेभाजी बंद, कारण लेकराला बाधते. पाणी दिवसाकाठी एक गडू, तेही ओवा घालून उकळलेलं.

"कच्च्या अंगात पाणी गेलं की पोट सुटतं. मंग जल्मभर आत जात न्हाई."

"आत्याबाई, डॉक्टर तर भरपूर प्या म्हणल्या."

"डॉक्टरला लेकरं किती हायेत?"

हे प्रतिक्षाला माहीत नव्हतं. 

त्या घरात लेकराची शी हा उघड विषय होता. पिवळी झाली की हिरवी, यावर चहाच्या वेळी चर्चा व्हायची. नवरा, रणजीत, शेतातून फोन करून विचारायचा. प्रतिक्षा फोटो काढून ठेवायची. मोठ्या माणसांनाही पोट असतं, हे मात्र कुणाच्या गावी नव्हतं. संडासाला निघालेला माणूस "जरा आलोच" म्हणायचा, जसा काही सेनगावला निघालाय.

प्रतिक्षा "जरा आलेच" म्हणून जायची आणि बराच वेळ यायची नाही. आतून कडी लागेल अशी घरात तेवढीच एक जागा होती. तिथं बसून ती मोबाईलवर लेकरांचे आजार वाचायची. एका सकाळी कमोडच्या पांढऱ्या भांड्यात लालभडक रक्त दिसलं, तेव्हा तिथंच बसून तिनं स्वतःचा आजार वाचला. पहिल्या ओळीत मूळव्याध होती. बरंच खाली कॅन्सर होता. तिनं खालचा धरला.

बाहेर येऊन तिनं लेकराला पाजलं. रणजीतनं दुसरं लग्न केलं तर ती बाई शीचा रंग बघेल का, याचा विचार केला. कुणाला काही सांगितलं नाही. फक्त बसताना कलून बसू लागली.

"अशी कलून काहून बसून राहिली?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"पायाला मुंग्या आल्या."

"रोज?"

 थोड्या वेळानं नर्मदाबाई लेकराच्या आंघोळीचा टब घेऊन आल्या, त्यात कोमट पाणी ओतलं, दार लोटलं. "बस यात. पाणी गार होईस्तोवर उठू नको."

प्रतिक्षा बसली. कितीतरी दिवसांनी तिला हायसं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला न्हाई का ते! रणजीत शाळेत होता तवापासून. रगत तर चालूच असतंय." त्यांनी बोट पुढं केलं. बोटात काळपट अंगठी होती. "औंढ्याच्या जत्रंतून आणली. मूळव्याधीचीच हाय."

"मग रक्त थांबलं?"

"थांबलं न्हाई. पण अंगठी चांगली हाय."

प्रतिक्षा टबातूनच सासूकडं बघत राहिली. नखं पांढरी. पायरी चढताना भिंतीला टेकणारा हात. हळदीच्या रानात बायांना आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाण्याचा थेंब न घेणारं तोंड. हे सगळं ती रोज बघत होती आणि वय झालं असेल म्हणत होती. लेकराच्या नखाचाही फोटो तिच्याकडं होता.

"दवाखान्यात चला."

"हळद शिजवायला घेतलीय. अन् तिथं जाऊन दाखवायचं काय? तोंड?"

दुसऱ्या दिवशी प्रतिक्षानं रणजीतला, सगळ्यांच्या देखत, सांगितलं की आपल्याला दुखतंय, हिंगोलीला जायचंय. सव्वा महिना झाला नव्हता. बाळंतिणीनं घरच्या बाईशिवाय शीव ओलांडायची नाही, हा नर्मदाबाईंचाच कायदा. लेकराला बाहेरची बाधा नको म्हणून त्यांनी पिशवीत विळा घातला, लेकरू घेतलं आणि गाडीत बसल्या. दोघीही कलून, एक डावीकडं, एक उजवीकडं. रणजीतला वाटलं, रस्ता खराब आहे.

हिंगोलीला कहकशा मॅडमनी प्रतिक्षाला तपासलं. "मूळव्याधच आहे. तिथल्या शिरा फुगतात. पोटात बाळाचा भार, वरून कडक शी, कुंथणं. बाळंतिणींना होतंच, बहुतेकींचं काही आठवड्यांत बसतं. पाणी, पालेभाजी, फळं. संडासात पायाखाली पाट घ्या. मोबाईल बाहेर ठेवा. कोमट पाण्यात बसता, ते बराबर."

नर्मदाबाईंनी मान ताठ केली.

"पाणी कुणी बंद केलं?"

नर्मदाबाई लेकराचं टोपडं बांधू लागल्या. ते बांधलेलंच होतं.

प्रतिक्षानं लेकरू आपल्याकडं घेतलं. "मॅडम, आता यांना बघा."

"मला काय बी न्हाई. मी सोबतीला आलेय."

"आत्याबाई, माझी आई असंच 'काय न्हाई' म्हणत गेली. मला परत तेच नकोय."

 नर्मदाबाईंनी पिशवीतला विळा काढून प्रतिक्षाच्या हातात दिला. "लेकराजवळ ठेव," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांचं रक्त इतकं कमी निघालं की मॅडमनी परत तपासायला लावलं. "एवढी वर्षं रक्त जातंय, आणि हे वय. मूळव्याधच असेल असं धरून बसायचं नाही. दुर्बिणीनं आतून बघावं लागेल." दुर्बिणीची तपासणी नांदेडला. ती होईपर्यंत प्रतिक्षानं शीचा एकही फोटो काढला नाही. रणजीतनं विचारलं तर म्हणाली, "पिवळीच असेल."

मूळव्याधच निघाली. फुगलेल्या कोंबांना रबर बांधलं, रक्त थांबलं, रक्तवाढीची औषधं सुरू झाली. आणखी अंगावर काढलं असतं तर काळजाला झेपलं नसतं, असं मॅडम म्हणाल्या.

आता नर्मदाबाई रानात पाण्याची कॅन नेतात. शेताच्या धुऱ्यावर बांबू रोवून जुन्या लुगड्याचा आडोसा करून घेतलाय. प्रतिक्षाला गडूवर गडू पाजतात, नको म्हटलं तरी. अंगठी बोटातच आहे. गुण अंगठीचाच, पण उशिरा आला, असं त्यांचं म्हणणं.

प्रतिक्षाचं वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. आज चहाच्या वेळी घरातल्या बायका कशा बसल्यात तेवढं बघा. कुणी कलून बसली असेल तर तिला बाजूला नेऊन विचारा. "काय न्हाई" म्हणाली, तर परत विचारा.