बाईसाहेब जेवत नाहीत

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकवीस वर्षं मी वाढपाच्या खिडकीशी उभी आहे. ताट पुढे आलं की तोंडाकडे बघायची गरज पडत नाही, नुसत्या मनगटावरून मला कळतं कोण उपाशी आहे आणि कोण उगाच ताट पुढे करतोय. माझ्या भरगच्च डावाची फिटर लोक टिंगल करतात, पण रांग माझ्याच खिडकीशी लावतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते याच हाताने झालं.

माझा मुलगा दोन वर्षं घराबाहेर होता. नोकरी सुटली तेव्हा त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि थोडे दिवस मला एकटं सोड म्हणाला. मी दर दोन तासांनी ताट घेऊन दार वाजवायची. नवव्या दिवशी सुताराला बोलावून कडी उचकटली. मुलगा आत धडधाकट होता, पलंगावर बसून नुसता माझ्याकडे बघत होता. महिन्याभरात तो दुसऱ्या शहरात राहायला गेला. त्यानंतर फोनवर ‘बरा आहे, जेवलो’ एवढंच. मेलं ते ‘जेवलो’ ऐकून माझं पोट कधी भरलं नाही.

आणि एका रविवारी तो दारात उभा. हातात काचेची उभी पेटी. नवी नोकरी लागली होती. सहा आठवडे बाहेरगावी प्रशिक्षण, मग मागितली तर नेमणूक इथेच. जमलं तर आपल्या मागच्या खोलीतच राहीन, म्हणाला, आणि ‘जमलं तर’ म्हणताना पेटी माझ्या टेबलावर ठेवली. मी काही दूधखुळी नाही. काय कशावर टांगलंय ते मला तिथल्या तिथे कळलं.

पेटीत कोळी होता. झाडावर राहणारी टॅरंटुला, मादी, माझ्या पंजाएवढी. अंगभर काळे केस, पायांची टोकं तेवढी गुलाबी. उभ्या लावलेल्या सालीच्या वरच्या टोकाशी तिने जाळ्याची नळी विणली होती आणि नळीच्या तोंडाशी बसली होती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तोंडाने मात्र मी ‘किती गोड’ म्हणाले. मुलगा गेल्यावर मी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं, कारण दिवसभर वर बसून राहायच्या आणि घरात कुणाला विचारायच्या नाहीत.

मुलाने कागदावर लिहून दिलं होतं. दोन दिवसांनी पाण्याचा फवारा. आठवड्याला एक रातकिडा, चिमट्याने. न खाल्लेला दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचा. रातकिडे वेगळ्या डब्यात होते, अजून पंख न फुटलेले, गाजराचे तुकडे कुरतडत बसलेले.

पहिला रातकिडा टाकला. सकाळी बघते तर दिसेना. चला, जेवल्या. फोनवर सांगितलं तर मुलगा हसला. “आई, तुला जमतंय की,” म्हणाला. दोन वर्षांत त्याच्या तोंडून माझ्याबद्दल बरा शब्द निघाला नव्हता. मी दिवसभर तरंगत होते. आठवड्याला एक रातकिडा म्हणजे काय जेवण झालं? मी तीन टाकायला लागले. तिन्ही सकाळी गायब.

चौथ्या आठवड्यात बाईसाहेबांनी नळीचं तोंड विणून बंद करून टाकलं. पांढरंशुभ्र झाकण. सहा दिवस बाहेर आल्या नाहीत. न राहवून मी मुलाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, राहू दे, तिला नको असेल, तू आत काही घालू नकोस. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवून दोन रातकिडे टाकले. दार उघडलं तर समोर असावेत. दुसऱ्या दिवशी तेही दिसेनात. मला हसू आलं. रुसलेली पोरं नाही का, आपण पाठ फिरवली की गुपचूप खातात.

पाचव्या आठवड्यात पाळी संपवून दुपारी घरी आले तर पेटीतून किरकिर ऐकू आली. एक थांबला की दुसरा सुरू. मी सालीमागे विजेरी मारली. मिशा हलताना दिसल्या. एकही खाल्ला गेला नव्हता. सगळे सालीमागे दडून होते, तिथेच वाढले होते, तिथेच त्यांना पंख फुटले होते. आत गाजराचा तुकडासुद्धा नव्हता.

नेमका तेव्हाच मुलाचा फोन आला. तो खुशीत होता.

“कात टाकत असणार ती. उताणी पडते, अंग अगदी लोण्यासारखं मऊ होतं, पाय हलवता येत नाही. त्या वेळी साधा रातकिडासुद्धा कुरतडून खाईल तिला. आत जिवंत काही नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले.

का म्हणाले? लाज वाटली. भीती वाटली. खरं सांगितलं तर ते ‘जमतंय’ परत घेतलं जाईल, आणि मागची खोली रिकामीच राहील.

फोन ठेवून मी चिमटा घेतला. पेटीचं दार उघडलं. एकेक करून पकडले, डब्यात टाकले. शेवटचा टुणकन वर गेला. तेव्हा मला दिसलं, पांढऱ्या झाकणाला एक लहान भोक पडलं होतं, कडा कुरतडलेल्या. त्याने डोकं आत घातलं, मिशा हलवल्या आणि आत शिरला. नळी फाडायची म्हणून मी चिमटा लावला आणि सुताराची पहार आठवली, पलंगावरचे ते डोळे आठवले. माझा हात मागे आला. आयुष्यात एकदाच मी बंद दार फोडलं नाही, आणि नेमकं तेव्हाच फोडायला हवं होतं. मी पेटीचं दार लावून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून किरकिर नळीच्या आतून यायला लागली. चांगली खणखणीत. आठ दिवस ती तशीच चालू राहिली. कॅन्टीनमध्ये एका फिटरने विचारलं, आज हात आखडता का? मी पुढचं ताट ओढलं. मुलाने फोनवर विचारलं की मी म्हणायची, झोपली आहे.

तो आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दाराशी बॅग ठेवून सरळ पेटीकडे गेला. किरकिर ऐकून थांबला. मग लहान कात्रीने त्याने नळी उभी कापली.

वर कात होती. आठही पाय शाबूत, पोकळ. क्षणभर मला वाटलं, निभावलं. मुलाने ती चिमट्याने उचलली. खाली बाईसाहेब उताण्या पडल्या होत्या, नव्या कोऱ्या, पायांची टोकं आणखी गुलाबी. पोट तेवढं नव्हतं. तिथे रातकिडा बसला होता, गुबगुबीत.

मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. मीच बोलत सुटले, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं तिला भूक असेल रे, म्हणाले.

“भूक त्यांना होती, आई,” तो म्हणाला.

एकवीस वर्षं मनगटं ओळखणारी मी, ज्यांना भूक होती त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

त्याने हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसला. मी वाढलं. एरवी दुसऱ्या डावाला ‘पुरे’ म्हणणारा मुलगा मान खाली घालून सगळं जेवला, पानात कण ठेवला नाही. बॅग दाराशी तशीच होती. मागच्या खोलीत मी नवी चादर घातली होती. तिकडे तो गेलाही नाही.

मग त्याने ताट पुढे केलं.

“वाढ. तुझं समाधान होईपर्यंत वाढ. सहाला माझी गाडी आहे.”

मी त्याच्या मनगटाकडे बघितलं. त्याला भूक नव्हती. मला दिसत होतं, आणि तरी माझ्या हाताने डाव उचलला.