काळ्या दगडावरचा रुपया

"डोये मीट बे! रुपया डोयानं पाह्यचा नसते, आइकाचा असते."

हा आवाज जब्बार पोतदारांचा, फकीर मोहम्मदच्या वडलांचा. चाळीस वर्षांमागं मेहकरच्या सरकारी खजिन्यात ते त्याला शेजारी बसवायचे, काळ्या दगडावर रुपया टाकायचे आणि विचारायचे, "बोल, खरा का खोटा?" खऱ्या चांदीचा नाद लांब जायचा, कुणी दूरच्या वावरातून हाक मारावी तसा. खोटा रुपया ओल्या मातीसारखा जागीच बसायचा.

आता फकीर मोहम्मदला तेवढा एकच आवाज स्वच्छ ऐकू यायचा, आठवणीतला. बाहेरचे आवाज तीन वर्षांपासून एकेक करून निघून चालले होते. आधी चिमण्या गेल्या. मग नूरबीच्या बांगड्या. मग रुपया. माणसांचं बोलणं तो ओठांवरून आणि अंदाजानं धरायचा. हे फक्त नूरबीला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. मागच्या शाबान महिन्यात ती गेली. घरात फार रडारड झाली म्हणतात. त्यानं उघडी तोंडं पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी कामावर जाऊन बसला.

काम बापाचंच, पोतदाराचं : खजिन्यात येणारा प्रत्येक रुपया पारखायचा. नाद गेल्यावर त्यानं एक युक्ती काढली होती. रुपया टाकताना डाव्या हाताची बोटं दगडाच्या कडेला टेकवून ठेवायची. खरा रुपया पडला की दगडातून बारीक थरकाप बोटांत चढे. आश्विनात पेन्शन होती. तोवर बोटांनी साथ दिली म्हणजे झालं.

पण लढाईचं ते दुसरं साल. फ्रान्स पडल्याची बातमी आली तशी माणसं नोटा घेऊन खजिन्यावर धावली होती, कागद नको, चांदी द्या म्हणत. बाजारात दुकानदार नोट पाहून तोंड फिरवत. मिळाला तो रुपया लोकांनी चुलीमागं पुरला. मग हुकूम आला : राणीछाप रुपये मार्चअखेर परत करा, त्यापुढं ते बाजारात चालायचे नाहीत.

खजिन्याचे अधिकारी हिंमतराव नागपूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेले. त्यांना हे सगळं कुणाला तरी सांगावंसं वाटे, आणि समोर फकीर मोहम्मदच असे.

"लोक भितात म्हणून चांदी पुरतात, पोतदार. पुरली की बाजार आटतो. बाजार आटला की आणखी भितात. म्हणून जुना रुपया आत घ्यायचा, नव्यात चांदी निम्मी घालायची, बदल्यात कागद द्यायचा. रुपया चांदीवर उभा नसतो, भरवशावर उभा असतो."

"जी साहेब. पन भरवसा दगडावर वाजवाचा कसा?"

हिंमतराव हसले. "तो वाजवायचा नसतो. मोडू द्यायचा नसतो, बस."

मार्चच्या शेवटच्या दिवशी रांग फाटकाबाहेर गेली होती. सकाळपासून दोन हजारांवर रुपये त्याच्या हाताखालून गेले असतील. दुपारी सुलतानपूरची शालूबाई पुढं आली, सत्तरीची, मागं तिची सून आशाबाई. म्हातारीनं पदराची गाठ सोडली. एकोणीस राणीछाप रुपये.

"माह्या मायनं लग्नात देल्ले," ती एकेक शब्द ओठ हलवून सावकाश बोलली, म्हणून त्याला कळलं. "कधी मोडले नाही. दुकायातबी नाही."

"आन घरात दाना नव्हता तवाबी नाही," आशाबाई म्हणाली. "आमाले नुसते दाखवत बसल्या."

अठरा गेले. एकोणिसावा त्यानं टाकला. बोटांत काहीच आलं नाही. पुन्हा टाकला. काहीच नाही.

खोटा रुपया जागीच कापायचा आणि तुकडे मालकाला परत द्यायचे, हा खजिन्याचा रिवाज. चाळीस वर्षांच्या सवयीनं हात कातरीकडं गेला. रुपया दुभंगला.

"खोटा," तो म्हणाला.

आणि मग त्यानं कापलेली कड पाहिली. शिसं नाही, तांबं नाही. आरपार पांढरी चांदी. त्यानं डावा हात दगडावर आपटून पाहिला. मनगटापासून पुढं हातच नव्हता जणू. सकाळपासून दगडाला टेकून टेकून बोटं बधिर झाली होती.

रांगेतून कुणी म्हणालं, "बुढे, घरीच टकसाळ काढली होती काय वं?" माणसं हसली. त्यानं हसणारी तोंडं पाहिली.

"पाहा आत्याबाई," आशाबाई म्हणाली. "जलमभर तोरा होता, माह्या मायचे रुपये, माह्या मायचे रुपये. मायनंच फसवलं ना?"

अठरा रुपयांच्या नोटा सुनेनं मोजून घेतल्या. म्हातारीनं दोन तुकडे उचलले आणि अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसली.

फकीर मोहम्मदनं पुढचे रुपये तपासले. बरोबर का चूक, त्याला कळत नव्हतं. त्याला वाईटही वाटत नव्हतं. बोटांसारखंच आत काहीतरी मुकं झालं होतं. मधेच मान वर केली की निंबाखाली म्हातारी दिसे. ती दोन तुकडे एकमेकांना लावून पाही, फिरवून पुन्हा लावी. तिचे ओठ हलत होते, जात्यावर बसल्यासारखे.

उन्हं कलली तसा तो उठला. हिंमतराव ओसरीवर सही करत होते. रांग अजून होती. पायऱ्या उतरून तो निंबाखाली गेला आणि कोटाच्या खिशातून आपला एक रुपया काढून तिच्यापुढं धरला.

"ठेव, माय. त्याच्या बदल्यात."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "मले रुपया नोको, चाचा. सून गावात जाऊन सांगन, बुढीच्या मायनं खोटं देल्लं. माय मरून पन्नास सालं झाली. तिच्या बाजूनं आता कोन उभं राहीन?"

आशाबाई नोटांची घडी कमरेला खोचत होती. "चाला आत्याबाई, उशीर होऊन राह्यला."

फकीर मोहम्मदनं रुपया खिशात टाकला. पेन्शनला सहा महिने उरले होते. तो ओसरीकडं वळून उभा राहिला, साहेबाकडं, रांगेकडं तोंड करून. आपला आवाज किती मोठा निघतोय हे त्याला कळत नव्हतं. पण साहेबांची लेखणी थांबली, आणि सगळी रांग मागं वळली.

"बाईचा रुपया खरा होता. हिच्या मायनं खोटं नाही देल्लं. मलेच आइकू येत नाही, साहेब. तीन सालं झाली. म्या कोनाले सांगलं नाही."