गोजरबाईंच्या पायाखाली

अवसरी बुद्रुकच्या त्या बंगल्यात रत्ना सकाळी नवाला पोचली, तेव्हा गोजरबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुझा मालक नाय आला?"

"त्यांची कंबर धरलीये. आता गवताच्या कडांची कामं मीच करते," रत्ना म्हणाली.

गोजरबाईंना कमी ऐकू यायचं. त्यांनी हात हलवला आणि पुन्हा लसणात डोकं घातलं. गड्यानं करायचं काम बाईला दिलंय, हे त्यांना पटलं नव्हतं, आणि ते लपवायची त्यांना गरजही वाटली नाही.

त्यांची सून वृषाली मात्र घाईघाईनं बाहेर आली. फाटकापासून पोर्चपर्यंत गाडीचा रस्ता ब्लॉकांचा, आणि त्याच्या नि कंपाउंडच्या भिंतीच्या मधे चार-पाच फुटांचा नकली गवताचा पट्टा. दोन उन्हाळ्यांत गाडीची चाकं घासून त्याची कड उचकटली होती. कुठं कुठं तर गवत पापुद्र्यासारखं वर आलं होतं.

"आत्या दोनदा अडखळल्या यात," वृषाली म्हणाली. "नीट चिकटवा. माझी मीटिंग आहे, मी आत आहे." तिनं दार लावून घेतलं.

रत्नानं फाटकाकडून सुरुवात केली. जुना गोंद खरवडायचा, खाली खडीची बारीक कच भरून थोपटायची, गोंद लावायचा, वरून फळी ठेवून दाबायचं. दहापर्यंत तिनं निम्मी कड बसवली. ऊन चढलं, ब्लॉक तापले. पुढं एका जागी गवत जास्तच पोकळ लागलं. खाली उंदरांनी माती उकरलेली असणार. तिनं कड धरली आणि वीतभर उचलली.

आतून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला.

पहिल्यांदा तिला वाटलं, घरातूनच आला. मग अंधारात तिला जाड, तपकिरी अंग दिसलं आणि त्यावरचे साखळीसारखे काळे ठिपके. रत्नाचा हात आपोआप सुटला. कड खाली पडली. तिनं फळी ओढून तिच्यावर टाकली आणि वर कचेनं भरलेलं घमेलं ठेवलं. तिचा दीर भागू कांद्याच्या चाळीत पायाला घोणस चावून जायबंदी झाला होता. तो पाय तिनं रोज धुतला होता. तिला ओळख पटवायला वेळ लागला नाही.

गवताखाली एक फुगवटा हलला आणि भिंतीच्या बाजूनं सरकू लागला.

तेवढ्यात मागच्या दारानं गोजरबाई आल्या. हातात चहाचा कप, नजर कपावर. ब्लॉक पोळत होते म्हणून त्या अनवाणी भिंतीच्या सावलीतल्या गवतावरूनच येत होत्या, पाय घासत, सावकाश.

"आत्या, थांबा!" रत्ना ओरडली. त्यांनी मान वर केली नाही.

आपण पाय आपटला तर घोणस त्यांच्याच दिशेनं पळेल. रत्नानं घमेल्यातली मूठभर कच उचलली आणि भिरकावली. ती गोजरबाईंच्या छातीवर, चहात, पायांवर पडली.

गोजरबाई थबकल्या. "अगं, येड लागलं का तुला? तुझ्यासाठीच आणलाय चहा."

रत्नानं तळहात समोर धरला, मग ओठांवर बोट ठेवलं, मग खाली दाखवलं. हातानं नागमोडी खूण केली. गोजरबाईंनी खाली पाहिलं. फुगवटा त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला होता.

त्यांनी कप दोन्ही हातांनी छातीशी धरला.

त्यांना मागं सरका म्हणावं, तर त्या पाय उचलून टाकत नव्हत्या, घासत होत्या. तसंच उभं ठेवावं, तर गुडघे किती वेळ टिकतील? रत्नानं चपला काढल्या. तापलेल्या ब्लॉकांवरून चवड्यांवर चालत ती वळसा घालून त्यांच्या मागं गेली. तळवे भाजत होते, पण ती घाई करीना. गवताच्या कडेशी उभं राहून तिनं मागून त्यांच्या कमरेला दोन्ही हात घातले.

"आत्या, अंग सैल सोडा," ती कानाशी म्हणाली. ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण म्हातारीचं अंग सैल झालं.

तिनं उचललं. कप सुटला आणि फुगवट्याजवळ भिंतीवर आपटून फुटला. खालून पुन्हा तो आवाज आला, या वेळी लांबलचक. रत्ना गोजरबाईंना घेऊन मागं मागं गेली ती थेट ओट्याला टेकेपर्यंत. दोघी तिथंच बसल्या.

कप फुटल्याच्या आवाजानं वृषाली दार उघडून आली. "काय झालं?"

"ताई, दारातच थांबा. गवतात उतरू नका. घोणस आहे. सर्पमित्राला फोन लावा."

मंचरहून पप्पू नावाचा सर्पमित्र यायला अर्धा तास लागला. तोवर तिघी फुगवट्यावर नजर खिळवून बसल्या होत्या. पप्पूनं लांब आकड्यानं कड उचलली, पिशवीला जोडलेल्या पाइपाचं तोंड आत लावलं आणि घोणस त्यात शिरेपर्यंत गप्प उभा राहिला. पिशवीचं तोंड बांधल्यावर तो म्हणाला, "लई मोठी मादीये. उंदरांमागं आली व्हती. बीळ बुजवा आता."

तो गेला. रत्ना उठली. काम अर्धं राहिलं होतं. तिनं गोंद कालवला, कच घेतली, त्याच जागी गुडघे टेकले आणि कडेखाली हात घालायला गेली. हात जाईना. बोटं कडेला लागली की मागं येत होती. इतका वेळ काही वाटलं नव्हतं.

वृषाली म्हणाली, "राहू द्या. उद्या करा."

"उद्या तर मी यायचीच नाही," रत्ना म्हणाली. ते खरं होतं.

गोजरबाई आत गेल्या. बॅटरी घेऊन आल्या. या वेळी पायांत चपला होत्या. भिंतीला धरत, कण्हत त्या रत्नाशेजारी खाली बसल्या, दोन्ही हातांनी कड धरून त्यांनी ती चांगली हातभर वर उचलली आणि आत उजेड पाडला. आत माती होती, दोन बिळं होती, बाकी काही नव्हतं.

"बघ," त्या म्हणाल्या. "मी धरलीये. तू भर कच."

रत्नानं पहिली मूठ भरली. मग दुसरी. बिळं बुजेपर्यंत गोजरबाईंनी कड सोडली नाही.