चौघांचे कागद एका गळ्यात

तिकिटं मी काढली होती, तेव्हा दोष माझा, हे आधीच सांगून टाकते. मी दातांच्या दवाखान्यात पेशंटांना वेळा लावून देते. वीस मिनिटांत माणूस दाढ काढून, रडून, डोळे पुसून घरी जातो. त्यामुळे दोन विमानांमध्ये सव्वा तास म्हणजे मला चैन वाटली. शिवाय दुसरा इलाजही नव्हता. मायदेशी सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होतं, आणि त्याआधी पोचवणारं विमान हे एवढंच.

सासूबाई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात आल्या होत्या, आणि इकडे मागे घरी सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. आयुष्यात बायकोच्या चहालाही कधी बरं न म्हटलेला माणूस फोनवर मला म्हणाला, "आत नेण्याआधी हिला एकदा बघू दे. पुढचं पुढे." आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. आम्ही चौघंही निघालो: त्या, नवरा, मी आणि आमची पाच वर्षांची भिंगरी.

या घराचा एक नियम आहे. प्रवासात सगळ्यांचे कागद एकाच्याच गळ्यात. त्यासाठी आईंनी जुन्या पडद्याच्या कापडाची पिशवी शिवली आहे. पूर्वी ती सासऱ्यांच्या गळ्यात असे, आता नवऱ्याच्या. तपासणी आली की तो शर्टाच्या आतून ती बाहेर काढतो, चौघांचे पासपोर्ट दाखवतो आणि लगेच परत आत घालतो. मी यावरून दोनदा भांडले आणि दोन्ही वेळा हरले.

पहिलं विमान अर्धा तास उशिरा उतरलं. तपासणीच्या रांगेतून सुटलो तेव्हा दार बंद व्हायला चौदा मिनिटं होती आणि आमचं गेट इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. आईंचे गुडघे तर घरातल्या घरातही कुरकुरतात. तेवढ्यात म्हाताऱ्या माणसांना नेणारी बॅटरीची गाडी आली, त्यात एकच जागा. आई नको म्हणाल्या. एकटीने कुठे जायची त्यांना सवयच नाही, तालुक्याच्या गावालाही कोणीतरी सोबत लागतं. मी त्यांना जवळजवळ दटावूनच बसवलं. दोन्ही हातांनी दांडी धरून त्या दिसेनाशा होईपर्यंत आमच्याकडे बघत होत्या.

मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते. अर्धी वाट चालून गेल्यावर नवऱ्याने छातीला हात लावला आणि जागच्या जागी थांबला. आईंचा बोर्डिंग पास आणि पासपोर्ट त्याच्याच गळ्यात होता. रोज लोकांच्या अक्कलदाढांना वेळ देणाऱ्या बाईची अक्कल ऐन वेळी रजेवर गेली होती.

तो म्हणाला, सगळेच पळूया. भिंगरी माझ्या खांद्यावर झोपलेली, दुसऱ्या हातात बॅग. मी त्याला म्हटलं, "तू पळ. आमच्यासाठी थांबू नकोस, तुम्ही दोघं जा." तो तरी उभाच. मग मी त्याच्यावर ओरडले आणि तो पळाला. हा माणूस बस सुटत असली तरी चालतच जातो.

मी पोचले तेव्हा दार बंद झालं होतं. नवरा एका खुर्चीवर घामाघूम बसला होता. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एक काम सांगितलं होतं, तेही जमू नये? आता तिकडे बाबांना कोण देणार तोंड?

"आई गेली," तो म्हणाला.

मग हळूहळू कळलं. काउंटरवरची बाई म्हणाली होती, दोघं येऊ शकता, पण आत्ताच्या आत्ता. हा हातात दोन पास घेऊन मागे आमची वाट बघत राहिला. आईंनी त्यातला स्वतःचा पास आणि पासपोर्ट काढून घेतला.

"म्हणाली, तुझी माणसं मागे आहेत, तू त्यांच्यापाशी थांब. माझं माणूस पुढे आहे."

"वळून पाहिलं का त्यांनी?"

"नाही."

मला माझीच लाज वाटली. घरातून निघाल्यापासून मी त्यांना जपून न्यायच्या सामानासारखं धरून चालले होते. विमानात शेजारच्याला काय विचारतील, पाणी तरी मागतील का, या विचाराने रात्री विमानतळाजवळच्या हॉटेलात माझा डोळा लागला नाही. नणंद त्यांना घ्यायला जाणार होती, एवढाच आधार.

तिकडे पावणेआठ वाजले आणि फोन आला. पलीकडे सासरे होते. आमचं विमान चुकल्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

"सूनबाई, ही एकटी आली."

मी म्हटलं, हो बाबा.

"अगं, एकटी." त्यांचा आवाज फाटला. मागे आई त्यांना, फार बोलू नका, डॉक्टर खोळंबलेत, असं म्हणत होत्या. "मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणते, वाटली, रस्ताभर वाटली. पण यायचं राहून जाईल याची जास्त वाटली."

मग फोन कानाला तसाच ठेवून ते कोणाला तरी म्हणाले, "चला, आता न्या मला."