नानासाहेबांची दाढ आणि ग्वाल्हेर

नानासाहेबांच्या उजव्या दाढेला भोक पडलं, तेव्हा इंदूर आणि ग्वाल्हेर एकत्र करून मध्यभारत राज्य झालं, त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांच्या मते या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता. सकाळी जिलबी, रात्री रबडी आणि वर तंबाखूची मिश्री, अशानं दाढ किडते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण सांगणारी डॉक्टर ग्वाल्हेरची निघाली.

"आत्ताच बसलात तर कीड कोरून सिमेंट भरते, दाढ वाचेल," डॉक्टर मंजिरीबाई म्हणाल्या. "पण मिश्री बंद. आणि दात घासल्याशिवाय रात्री झोपायचं नाही."

डावीकडच्या दाढा नानासाहेबांनी कधीच घालवल्या होत्या. मटणाची नळी फोडायला उजवीकडच्या दोनच उरल्या होत्या. तरी ते खुर्चीतून ताडकन उठले. होळकर दरबारात तीस वर्षं चोपदारांवर हुकूम चालवलेला माणूस शिंद्यांच्या गावच्या बाईपुढे तोंड उघडणार? राज्यं विलीन झाली असतील, जबडा झाला नव्हता.

घरी लवंग झाली, हिंग झाला. शेजारच्या अप्पासाहेबांनी ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवायला सांगितली. तिनं हिरडी भाजून पांढरी पडली आणि दाढ पहिल्यासारखीच ठणकत राहिली.

"उतार आहे," नानासाहेबांनी जाहीर केलं.

चौथ्या दिवशी गाल फुगला. मग त्यांनी अस्सल इंदुरी इलाज शोधला. राजवाड्यासमोर सतरंजीवर चिमटे मांडून एक इसम बसायचा.

"तू कहाँ का?"

"यहीं छावनी का, भिया. बाप भी यहीं का."

एवढी चौकशी पुरे झाली. चिमटा कधी उकळला होता, हे त्यांनी विचारलं नाही. इसमानं त्यांच्या मांडीवर गुडघा रोवला आणि दाढ उपटली. शेजारची. धडधाकट.

"अहो, किडकी तर आतच आहे!" घरी बायको द्वारकाबाई ओरडल्या.

"असू दे. माणूस आपला होता."

सहाव्या दिवशी ताप चढला, तोंडात चमचा जाईना. द्वारकाबाईंनी टांगा बोलावला. मंजिरीबाईंच्या दवाखान्याच्या दारात नानासाहेबांनी टांग्यातूनच तहाची कलमं सांगितली. एक, बाईंनी टांग्यापाशी यावं. दोन, दाढ निघाली तरी ती शरणागती समजू नये.

"दुसरं मान्य," मंजिरीबाई म्हणाल्या. "आता ती भरण्याजोगी राहिलेली नाही, काढावीच लागेल. आत या."

पहिलं कलम तापामुळे तहकूब झालं. बाईंनी पू काढला, पेनिसिलिन टोचलं आणि आठवड्यानं उजवी बाजूही मोकळी केली.

रविवारी मटण शिजलं. नानासाहेबांनी ताट पुढे सरकवलं.

"माझं पाट्यावर बारीक वाटून आण."

द्वारकाबाईंनी एक नळी दाढेखाली घेतली, कडकन फोडली आणि निवांत चोखली.

"मी कशी वाटू? माझं माहेर ग्वाल्हेरचं."

चाळीस वर्षं त्याच हातचं जेवलेले नानासाहेब गाल चोळू लागले.

"ते वेगळं," ते म्हणाले.

"हो का? मग दाढेपुरतंच वाईट होतं होय ग्वाल्हेर?" द्वारकाबाईंनी दूधभाताची वाटी त्यांच्यापुढे आदळली. "घ्या, म्हैस इंदूरची आहे. आणि खाऊन चूळ भरा. हिरड्या तरी राहू देत तोंडात."